शेंडेफळाची रेघ

थोरल्याच्या वेळी प्रत्येक सेंटिमीटरची घरभर बातमी होते. शेंडेफळ मात्र ‘अजून लहान आहे तो’ या वाक्याखाली दोन-तीन वर्षं तसंच राहतं, आणि एक दिवस शर्टाच्या बाह्या मनगटाच्या वर गेलेल्या दिसतात. भिंतीवरची पेन्सिलची रेघ हा यावर चांगला उतारा. फक्त रेघ खरी हवी.

बूट-मोजे काढून त्याला कडक जमिनीवर उभं करा, गालिच्यावर नको. टाचा जुळलेल्या आणि भिंतीला टेकलेल्या. भिंतीच्या तळाशी पट्टी पुढे आलेली असेल तर टाच टेकतच नाही, मग दाराची चौकट बरी. (टाच हळूच उचलायची कला धाकट्यांना उपजतच येते, तेव्हा आधी पायांकडे बघा.) नजर समोर, डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका पातळीत. हनुवटी वर गेली की उंची चुकते. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवून त्याची एक बाजू भिंतीला सपाट चिकटवा, केस दबेपर्यंत खाली आणा आणि पुस्तकाच्या खालच्या कडेला रेघ मारा. शेजारी तारीख.

वेळ शक्यतो सकाळचीच ठेवा. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची साधारण १ सेंटिमीटरने कमी भरते. दर महिन्याला मोजण्यात अर्थ नाही, कारण तेवढ्या वाढीपेक्षा मोजण्यातली चूकच मोठी असते. सहा महिन्यांनी मोजा.

वयात येण्याआधी मुलगा वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढतो. मुलांचं वयात येणं ९ ते १४ या वयात कधीही सुरू होतं, आणि ऐन भरात वाढ वर्षाला ९-१० सेंटिमीटरपर्यंत जाते. आधी पावलं वाढतात, मग पाय, धड शेवटी. म्हणून रेघ हलण्याआधी बूट लहान होतात आणि काही महिने पोरगा दिसेल त्या टेबलाला धडकतो. त्यावरून ओरडू नका.

खरा घोळ होतो तो थोरल्याच्या जुन्या रेघेशी तुलना करताना. एक भाऊ बाराव्या वर्षी झपाट्याने वाढलेला आणि दुसरा चौदाव्या वर्षी सुरुवात करणारा असेल, तर मधली दोन वर्षं धाकटा उगाचच बुटका ठरतो. अंदाज हवाच असेल तर आई-वडिलांच्या उंचीची सेंटिमीटरमधली बेरीज करून त्यात १३ मिळवा आणि निम्मं करा. त्यातही आठ-नऊ सेंटिमीटर इकडे-तिकडे धरायचे. वर्षभरात ४ सेंटिमीटरही वाढ नसेल, किंवा १४ पूर्ण होऊनही वयात येण्याची खूण नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मोजणाऱ्याचे डोळे पुस्तकाच्या पातळीत हवेत. खालून बघितलं तर कललेलं पुस्तकही सरळ वाटतं. तेव्हा एक दिवस स्टूल आणावंच लागेल. त्या रेघेशेजारी तारखेबरोबर ‘स्टूल’ असंही लिहून ठेवा.