पोटातलं लुगडं

गोधडी शिवायला आलेलं गिऱ्हाईक गाठोडं लगेच सोडत नाही. त्यावर हात ठेवून बसतं, पाणी पितं, उन्हाला नावं ठेवतं. वैशाखात अमळनेरचा पारा 44-45 वर गेला की तेही रास्तच. आखाजी झाली की माझ्या ओसरीवर अशी गाठोडी यायला लागतात, कारण पावसाळा लागायच्या आत गोधडी धुऊन, वाळवून घरात घ्यायची असते. दुकान असं काही नाही. सतरंजी, जाड सुया, दोऱ्याची रिळं आणि शेजारच्या काकू.

शहरातून आलेल्या सुना पहिल्यांदा विचारतात, "कापूस किती लागेल?" या कापसाच्या मुलखात मला सांगावं लागतं की बाई, कापूस गादीला, पिंजाऱ्याकडे. गोधडीत नुसते थर. सहावारी म्हणजे 18 फूट. तिच्या तीन घड्या घातल्या की 6 फुटांचे तीन थर होतात, रुंदीला पन्हा पुरतो. नऊवारीचे साडेचार थर. उरलेली ती अर्धी घडी उशाला घ्यायची की पायथ्याला, यावर काकूंचं आणि माझं आजवर जमलेलं नाही.

भाच्यानं मध्यंतरी परदेशातल्या गोधडीवालीचा व्हिडिओ दाखवला. तिच्याकडे लाँगआर्म मशीन. बाजेपेक्षा लांब चौकटीवर कापड ताणलेलं, आणि मशीनच रुळांवरून इकडून तिकडे फिरतं. तीही आपल्यासारखीच घरबसल्या लोकांच्या गोधड्या शिवून देते म्हणे. मला हेवा वाटला तो त्या लांब हाताचा. कारण एकदा मी माझ्या पायमशीनवर गोधडी घेऊन पाहिली होती. सुई आणि मशीनचा खांब यांच्यामध्ये वीतभर जागा. त्यात गुंडाळलेली गोधडी कोंबली, अर्ध्यावर पोचले आणि उलटून पाहते तर खालचा थर सगळा चुण्यांनी भरलेला. दोन दिवस उसवत बसले. काकू काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

म्हणून पुन्हा हातानंच. काठापासून धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत मध्यावर यायचं. 6 बाय 4 ची गोधडी आणि इंचाइंचावर ओळ धरली, तरी टाक्यांची रांग 88 मीटरच्या आसपास जाते. हा हिशेब मी मुद्दाम करून ठेवलाय, "जुनीच तर लुगडी, त्याचे काय एवढे पैसे" म्हणणाऱ्यांसाठी. उपयोग होत नाही.

खरी अडचण हल्ली वेगळीच आहे. गाठोड्यात सुती कापड सापडत नाही. सिंथेटिक साडी सुईखालून सरकते, आणि उन्हाळ्यात गच्चीवर अंगाखाली आली तर पाठ चिकचिकते. मी ती गुपचूप मधल्या थरात ढकलते. पण मग गिऱ्हाईक रुसतं, कारण तीच लग्नातली असते, तिचंच वर मिरवायचं असतं.

परवा पारोळ्याकडच्या एक मावशी आल्या. गाठोड्यात सगळ्यात खाली एक विटकं, हिरवं नऊवारी. इतकं विरलेलं की उजेडात धरलं तर पलीकडचा दरवाजा दिसावा. म्हटलं, काठ अजून चांगलेत, वर लावते. मावशींनी माझा हात धरला. "वर नको लाऊ वं माय. झिजी जाई. पोटमा घाल."

पोटातच घातलं. वर आणि खाली त्यांच्या नेहमीच्या सुती साड्या. न्यायला आल्या तेव्हा गोधडी उलटसुलट करून पाहिली, चारी कोपरे चाचपले आणि म्हणाल्या, "मन्ही मायनं लुगडं कोठे शे?"

मी म्हटलं, "मावशी, कोठेबी हात ठेव, तठे शे."

त्यांनी मधोमध तळहात टेकवला. बराच वेळ काढला नाही. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, पन्नास रुपये कमी कर.