लंडन ते नॉरिच, नाचत : परवानगीचा माझा अनुभव

इंग्लंडमध्ये मॉरिस नाचाला, म्हणजे पायांत घुंगरे बांधून चमूने करायच्या तिथल्या पारंपरिक लोकनाचाला, करमणुकीचा परवाना लागत नाही. ‘लायसन्सिंग ॲक्ट २००३’च्या पहिल्या परिशिष्टातील अकराव्या परिच्छेदात मॉरिस नाच आणि त्याच्या साथीचे वादन स्पष्टपणे वगळलेले आहे. हे सर्वांत आधी सांगते, कारण हा एक परिच्छेद एका नगरपालिकेला वाचायला लावण्यात माझे चार महिने गेले.

विल केम्प हा शेक्सपिअरच्या नाटकमंडळीतील गाजलेला विनोदी नट. मंडळी सोडल्यावर, १६०० सालच्या लेंटच्या उपवासकाळातील पहिल्या सोमवारी तो लंडनहून नाचत निघाला आणि शंभराहून अधिक मैल नाचत नॉरिचला पोहोचला. नाचाचे दिवस नऊच, पण विश्रांती आणि बर्फ यांमुळे प्रवासाला जवळजवळ चार आठवडे लागले. त्याने स्वतः लिहिलेला वृत्तान्त त्याच वर्षी छापला गेला, त्यामुळे रॉमफर्ड, इंगटस्टोन, चेल्म्सफर्ड, ब्रेनट्री, मेलफर्ड, बरी सेंट एडमंड्स (थोडक्यात ‘बरी’), थेटफर्ड, रॉकलंड हे मुक्काम आजही नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात. मी एसेक्समध्ये राहते आणि सात वर्षे एका मॉरिस ‘साइड’मध्ये, म्हणजे चमूमध्ये, नाचते. तोच मार्ग नऊ शनिवारांत नाचून पूर्ण करायचा, असे आम्ही ठरवले.

वाटेतील एका गावाच्या बाजारचौकात वीस मिनिटे नाचण्यासाठी मी ऑक्टोबरमध्ये नगरपालिकेचा ऑनलाइन अर्ज भरला. अर्जात ‘ठिकाण’ या रकान्यात एकच पोस्टकोड बसत होता. आम्ही गावाच्या एका टोकाने येऊन दुसऱ्या टोकाने जाणार होतो, हे लिहायला जागाच नव्हती, म्हणून मी चौकाचा पोस्टकोड घातला आणि मार्गाचा नकाशा जोडला. तीन आठवड्यांनी उत्तर आले की नाच ही नियंत्रित करमणूक असल्याने तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्यावी आणि २१ पौंड शुल्क भरावे. पैशाचा प्रश्न नव्हता. जे कायद्याने मागितलेलेच नाही ते आम्ही एकदा भरले, तर पुढच्या प्रत्येक साइडकडून ते मागितले जाईल, याची मला खात्री होती. मी परिच्छेदाचा क्रमांक देऊन सविस्तर पत्र पाठवले. त्यावर दुसऱ्याच अधिकाऱ्याने मूळ अर्ज पुन्हा भरण्यास सांगितले. तो भरला, तेव्हा तिसऱ्याने विचारले की नकाशावरील रेषा म्हणजे नेमके कोणते ठिकाण. दर वेळी नवा संदर्भ क्रमांक मिळे आणि आधीचा पत्रव्यवहार कोणालाच दिसत नसे. नाताळच्या सुट्टीत सगळेच थांबले. जानेवारी संपत आला तरी हाती काहीच नव्हते, आणि पहिला शनिवार पंधरा दिवसांवर होता.

शेवटी मी अर्जाचा नाद सोडून परवाना विभागात दूरध्वनी केला आणि समोरच्या बाईंना विनंती केली की आपण दोघींनी तो परिच्छेद आत्ता, एकत्र वाचावा. कळफलकाचा आवाज आला, मग बराच वेळ शांतता. त्यानंतर त्यांनी एकेक शब्द सावकाश मोठ्याने वाचला, ‘मॉरिस’ शब्दापाशी थांबल्या, आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचले. चाळीस मिनिटांत लेखी उत्तर आले : परवान्याची आवश्यकता नाही. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

म्हणून सांगते, अर्ज भरण्याआधीच परवाना विभागाशी बोला आणि कायद्याचा परिच्छेद पहिल्याच पत्राला जोडा. एखाद्या घटनेच्या स्मरणार्थ मिरवणूक काढायची असेल, तर १९८६च्या ‘पब्लिक ऑर्डर ॲक्ट’प्रमाणे पोलिसांना सहा पूर्ण दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. ते काम विनासायास झाले. आपली साइड मॉरिसच्या एखाद्या राष्ट्रीय संघटनेची सदस्य असेल, तर सार्वजनिक दायित्वाचा विमा सदस्यत्वातूनच मिळतो, त्याचे प्रमाणपत्र मात्र सोबत ठेवावे.

ब्रेनट्रीच्या अलीकडे केम्पला दाट झाडीतून आणि चिखलाच्या खोल खड्ड्यांतून उड्या मारत जावे लागले होते. आज तिथे चिखलापेक्षा वाहनांची भीती मोठी आहे. आम्ही मुख्य रस्ता टाळून आडवाटा घेतल्या, त्यामुळे अंतर वाढले, पण त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. मॉरिसमध्ये घुंगरे आपल्यासारखी घोट्यावर नसतात, ती चामड्याच्या पट्ट्यांवर शिवून गुडघ्याखाली नडगीवर बांधतात. पट्टा दुपारी सैल होतो आणि कातडी सोलते, तेव्हा आत जाड मोजा हवाच.

सडबरीला एक धिप्पाड खाटीक केम्पबरोबर बरीपर्यंत नाचायला निघाला आणि अर्ध्या मैलातच थांबला. त्याला हसून एक तरुणी पुढे आली आणि मैलभर नाचली. त्या टप्प्यावर आमच्याबरोबरही एक शाळकरी मुलगी आईची परवानगी घेऊन गावाच्या वेशीपर्यंत नाचली. माझ्यासाठी साऱ्या प्रवासातला तो सर्वांत आनंदाचा अर्धा तास होता.

एक गोष्ट राहिली. आमची वादक डाव्या हाताने तीन भोकांची बासरी आणि उजव्या हाताने लहान ढोल, दोन्ही एकाच वेळी वाजवते. फेब्रुवारीच्या थंडीत तिला बोटे उघडी असलेले हातमोजे लागतात, आणि आम्ही ते रॉमफर्डला पोहोचल्यावर विकत घेतले. नॉरिचमध्ये सेंट जॉन मॅडरमार्केटच्या आवाराची भिंत केम्पने उडी मारून ओलांडली होती. त्या भिंतीजवळच्या गल्लीत शेवटचा नाच झाला, तेव्हा तिने तेही काढून खिशात ठेवले आणि उघड्या हातांनी वाजवले.