हजेरीपटावर मजूर, लॉगबुकात पंपचालक

पालिकेच्या आस्थापना शाखेत रोजंदारीची बिलं कशी तयार होतात, हे बाहेरच्याला सांगितलं तर पटत नाही. मागच्या महिन्याचा हजेरीपट समोर ठेवायचा आणि नावं उतरवत जायचं. माणूस रुजू झाला त्या दिवशी कुणीतरी ‘मजूर, अकुशल’ लिहिलेलं असतं, तेच वर्षानुवर्षं खाली येत राहतं. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, पदनामाचा रकाना मात्र कधीच नाही.

जलशुद्धीकरण केंद्रावरच्या एका रोजंदारी कामगाराने अर्ज दिला: मी पंप चालवतो, मला कुशल कामगाराचा दर मिळावा. अर्जावर सीओ साहेबांचा, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांचा, शेरा आला, ‘आयटीआय प्रमाणपत्र नाही. नियमानुसार टिपणी सादर करावी.’ अशा शेऱ्याचा अर्थ ‘नकार लिहा’ असा, पण टिपणीवर पहिली सही कारकुनाची, म्हणजे माझी.

किमान वेतनाच्या अधिसूचनेत कुशल कामाचं वर्णन असतं. काम करता करता अनुभवातून आलेलं किंवा प्रशिक्षणातून मिळवलेलं कौशल्य, आणि जिथे स्वतः विचार करून निर्णय घ्यावा लागतो असं काम. प्रमाणपत्रावाचून काहीच चालत नाही, ही आमच्या कार्यालयाची भर.

मी केंद्रावर जाऊन लॉगबुकं काढली. पंप किती वाजता सुरू, किती वाजता बंद, व्होल्टेज, तिन्ही फेजचे अँपिअर, गेजवरचा दाब, तुरटीची मात्रा, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती. रात्रपाळीची पानंच्या पानं त्या कामगाराच्याच अक्षरात. एके ठिकाणी लिहिलं होतं: ‘आर फेज गेला. मोटर बंद केली. वायरमनला कळवले.’ ज्याने हे काम केलेलं नाही त्याला यात विशेष दिसणार नाही. तीनपैकी एक फेज गेला की मोटर लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर जास्त करंट ओढत घरघरत राहते आणि मोटर आपोआप बंद करणाऱ्या रिलेने साथ दिली नाही तर वाइंडिंग जळतं. तो आवाज ओळखून बटण दाबायचं, तेही मध्यरात्री आणि विचारायला कुणी नसताना. अकुशल कामात हे कुठे बसतं, ते मला कुणी सांगावं. प्रत्येक महिन्याच्या शेवटी अभियंत्यांची सही होतीच.

बैठकीत अभियंता म्हणाले, “त्या सह्या आम्ही रुटीनमध्ये करतो.” न वाचता सही केल्याचं इतक्या सहज सांगणारा माणूस मला त्यांच्याआधी भेटला नव्हता. लेखापाल निदान खरं बोलले: “आज कुशल केला की उद्या तो वेतनश्रेणी मागेल.” भीती अगदी खोटी नाही. जगजित सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं आहे की नियमित कर्मचाऱ्यासारखंच काम करणाऱ्या हंगामी कामगारालाही त्या वेतनश्रेणीचं किमान वेतन द्यावं. कायम करा असं त्यात नाही. तो प्रश्न २००६ च्या उमादेवी निकालाचा आणि निराळा; हंगामी कामगाराला कायम होण्याचा हक्क नाही, असं त्यात म्हटलं आहे. पण आमच्याकडे कुणी दर मागितला तरी तोंडावर उमादेवीच फेकतात.

माझ्या डोक्यात घोळतंय ते वेगळंच. काम सारखंच आहे हे सिद्ध करायची जबाबदारी जगजित सिंग निकालानेच कामगारावर टाकली आहे. तो पुरावा मात्र कार्यालयाच्या कपाटात. किल्ली कुणाकडे, तर न वाचता सही करणाऱ्यांकडे.

मी टिपणीत ‘कुशल’ लिहिलं आणि लॉगबुकाच्या प्रती जोडल्या. आदेश निघाला ‘अर्धकुशल’चा, आदेशाच्या दिनांकापासून, मागचा फरक नाही. हे कुणीच मागितलं नव्हतं. कुठल्या निकषाने, ते आदेशात नाही. कुणाला फार दुखवायचं नाही म्हणून मधला दर काढला एवढंच.

आदेशाची प्रत घेताना त्याने विचारलं, “भाऊसाहेब, ती लॉगबुकं मला मिळतील का?” मी त्याला माहिती अधिकाराचा नमुना दिला. त्याने तो भरून आवक शाखेत दिला, पोच घेतली. दुसऱ्याच आठवड्यात अभियंता टेबलाशी येऊन विचारू लागले, जुन्या लॉगबुकांची जतन करायची मुदत संपली असेल ना? मी म्हटलं, मागितलेली माहिती नष्ट केली तर कलम २० खाली दिवसाला २५० रुपये दंड, २५ हजारांपर्यंत. त्यांनी विचारलं, भरायचा कुणी? मी सांगितलं, जनमाहिती अधिकाऱ्याने. पाणीपुरवठ्याचे जनमाहिती अधिकारी तेच आहेत.