पाणी हललं नाही

पहिल्या खेपेला मी त्या बाईंना इंग्रजीत जे सांगितलं, ते मराठीत आणलं तर असं होईल: "आजी, गॅसची गळती कुठेच नाही. टाकी संपत आली की असा वास येतोच." एकशे पंचवीस डॉलर घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलो. चौथ्या दिवशी त्यांचाच फोन. "टाकी काल भरून आणली. वास आहे."

मी हिवाळाभर ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटला असतो. ट्रेलर-दुरुस्तीचं फिरतं दुकान, म्हणजे एक जुनी व्हॅन आणि मी. गाव जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं, पण जानेवारीत वाळवंटात नजर जाईल तिथे ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढायची चाकांवरची घरं. कॅनडात बर्फ पडायला लागला की तिकडची म्हातारी माणसं घर मागे जोडून इथे उतरतात आणि परवाना काढून सरकारी जमिनीवर १५ एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतात. तिथे ना नळ, ना वीज. चूल, गीझर, हीटर, फ्रीजसुद्धा प्रोपेन गॅसवर. (हो, ज्योतीवर चालणारा फ्रीज. आईला अजून खरं वाटत नाही.) गावच्या दफनभूमीत हाजी अलीची समाधी आहे. मुंबईचा नव्हे. हा उंटवाला होता, १८५६ साली अमेरिकी लष्करानं उंट सांभाळायला आणलेला. १९०२ मध्ये इथेच गेला. दगडी पिरॅमिड आहे आणि वर धातूचा उंट. परदेशातून येऊन या गावात पोट भरणारा मी पहिला नाही, हे तिथे गेलं की बरं वाटतं.

गॅसचं काम मी मिरजेत एका एजन्सीत शिकलो. हे मुद्दाम सांगतोय, कारण चुकीचं मूळ थोडंसं तिथेही आहे.

निम्म्या तक्रारी तर तक्रारीच नसतात. "चुलीची ज्योत बारीक झालीय" म्हणून बोलावतात. कॉक झटक्यात उघडला की आतला सुरक्षा-व्हॉल्व समजतो नळी तुटली, आणि गॅस अडवून धरतो. कॉक बंद करायचा, थोडं थांबायचं, सावकाश उघडायचा. झालं काम. फी तेवढीच घेतो आणि दर वेळी सांगतो, हळू उघडा. पुढच्या वर्षी तीच माणसं, तोच फोन.

गळती शोधायची रीत ठरलेली. चुलीच्या बर्नरच्या तोंडाला मॅनोमीटर जोडायचा. म्हणजे यू आकाराची नळी, त्यात पाणी. ट्रेलरमधली उपकरणं अकरा इंच दाबावर चालतात, म्हणजे गॅसनं पाणी अकरा इंच उचललं पाहिजे. मग टाकीचा कॉक बंद करायचा, थोडा गॅस सोडून दाब आठ इंचांवर आणायचा आणि तीन मिनिटं बघत बसायचं. पाणी खाली आलं तर गळती, नाही आलं तर पास. त्या दिवशी पाणी केसभरही हललं नाही. ट्रेलर मोटारीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर, म्हणजे जोखडावर, दोन टाक्या असतात, त्यांच्यावरचं प्लास्टिकचं झाकण काढून प्रत्येक जोडावर साबण मारला. एक बुडबुडा नाही.

आजी तेव्हाही काहीतरी सांगत होत्या. दुपारी वास येतो, पलंगावर पडलं की येतो. आजोबा मागून म्हणाले, "हिला सगळीकडे वास येतात. मला तर काहीच येत नाही." हे त्यांनी ऐटीत सांगितलं. मी हसलो.

आणि टाकी संपत आल्याचं जे मी सांगितलं ते खोटं नव्हतं, हीच पंचाईत. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो, वासासाठी आत मर्कॅप्टन नावाचं रसायन मिसळतात. ते मागे रेंगाळतं, त्यामुळे तळाचा गॅस जास्त घाण येतो. अर्धं खरं उत्तर तोंडात तयार असलं की माणूस पुढे बघत नाही.

दुसऱ्या खेपेला आजींनी कॅलेंडर पुढे केलं. मागच्या कोऱ्या बाजूला बारीक अक्षरात तारखा आणि वेळा. सव्वाबारा. एक. दोन चाळीस. एकही नोंद सकाळची नाही, एकही रात्रीची नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या शेतकरीण बाई, आयुष्यभर हवामान टिपत आलेल्या.

आधी गॅसचा अलार्म बघितला. तो जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेच्या दीडपट जड, खाली साचतो. दिवा बंद. मागे वळवला तर तार काढलेली. रात्री टीट-टीट करतो म्हणून आजोबांनी तीन वर्षांपूर्वी सोडवलेली. तो टीट-टीट करतो ते आयुष्य संपलं म्हणून. पाच-सात वर्षांत बदलायचा असतो. पण आजोबांना काय बोलणार? पहिल्या खेपेला मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

मग ठरवलं, कशाला हात लावायचा नाही, बारा वाजेपर्यंत बसायचं. आजींनी कॉफी दिली. साडेबाराला त्या पलंगावर जाऊन पडल्या आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, "आला." मी वाकलो. होता, अगदी पुसट. पलंग पुढच्या बाजूला, खाली सामानाचा कप्पा, कप्प्याला जोखडाकडून वायर येते त्या भोकातला फोम झडलेला. म्हणजे वास टाक्यांकडून येत होता.

झाकण काढलं नाही. कॉकपाशी हात जावा म्हणून त्याला वर एक छोटं दार असतं, त्यातून साबणाची पिचकारी मारली आणि टॉर्च नि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा आत घातला. डाव्या टाकीची नळी जिथे पितळी टोपणात दाबून बसवलेली असते, तिथे फेस होता. मोठे बुडबुडे नाहीत. ताक घुसळताना भांड्याच्या कडेला धरतो तसा बारीक पांढरा फेस, हळूहळू फुगणारा. झाकण उचललं, फेस थांबला. ठेवलं, पुन्हा धरला. चार वेळा केलं. आजी खुर्ची घेऊन बाहेर आल्या आणि शेवटच्या दोन वेळा शेजारी बसून बघितलं. काही बोलल्या नाहीत.

झाकणाचा काठ नळीवर टेकून ती टोपणापाशी दुमडत होती आणि तेवढ्यापुरती चीर उघडत होती. नळीवर छापलेलं साल २०११. आदल्या वर्षी कोणीतरी टाकीचा दाब कमी करणारा रेग्युलेटर नवा बसवला होता, थोडा तिरका, आणि नळ्या जुन्याच ठेवल्या होत्या. वीस-पंचवीस डॉलरची नळी वाचवली. वर तिच्या फ्लेअर जोडावर पिवळी टेप गुंडाळलेली. फ्लेअरमध्ये पितळ पितळावर बसूनच जोड बंद होतो, टेप लावली तर उलट नीट बसत नाही. इथे ज्याच्या पेटीत टेप असते तो प्रत्येक आट्याला टेप लावतो.

पण मॅनोमीटरनं मला का फसवलं? खरं तर त्यानं फसवलं नाही, मीच त्याला भलतं विचारलं. मिरजेत रेग्युलेटर थेट सिलिंडरच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे शेगडीकडे जाणाऱ्या केशरी नळीत कमी दाब असतो. हातांना तीच सवय: नळी म्हणजे कमी दाब. ट्रेलरमध्ये ही नळी रेग्युलेटरच्या आधी असते, तिच्यात टाकीचा पुरा दाब. रात्री चार अंशाला चौरस इंचाला साठ-पासष्ट पौंड, दुपारी पंचवीसला एकशेवीसच्या वर. झाकणाखाली उन्हात आणखी. आणि माझी आठ इंचांची परीक्षा म्हणजे एक तृतीयांश पौंडही नाही. तेवढ्या दाबाला ती चीर उघडतच नव्हती, आणि झाकण काढल्यामुळे साबण मारतानाही नव्हती. वास दुपारीच का, हे आजींनी कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवलं होतं.

शिवाय गॅसचा वास कसा असावा याचा इथे नियम आहे: पेट घेण्याइतका गॅस हवेत साचण्याच्या आधी, त्याच्या पाचव्या हिश्शाला तो माणसाच्या नाकाला कळला पाहिजे. नाक हेच पहिलं यंत्र धरलेलं आहे. मी यंत्र लावून नाकाला खोटं ठरवलं.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. दोन पाने, एकानं रेग्युलेटर धरायचा, दुसऱ्यानं सोडवायचं, नाहीतर त्याच्या अंगातच चीर जाते. दोन्ही नळ्या नव्या, रेग्युलेटरचा कंस सरळ केला, वायरचं भोक बुजवलं, नवा अलार्म जोडला. मग झाकण घालून, भर उन्हात, पुऱ्या दाबावर साबण. काही नाही. आठ इंचांची टेस्टही केली. ती पास झाली, पण ती आधीही पास होती.

मी म्हटलं, पैसे नकोत, आधीचेही परत घ्या. आजोबा नको-नको म्हणू लागले. आजींनी हात पुढे केला, नोटा मोजल्या आणि कॅलेंडरच्या मागे खोचल्या.

आता मी टाकी आणि नळी यांच्यामध्ये जास्त दाबाचा गेज लावून ती बाजू वेगळी तपासतो. पण सात हिवाळे तसं केलं नव्हतं. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव आहे आणि "वासाची तक्रार, टेस्ट पास" असं माझ्याच अक्षरात कितीतरी ठिकाणी. गेल्या रविवारपासून एकेकाला फोन करतोय. आतापर्यंत अकरा झाले. दोघं वारले, बहुतेकांचं सगळं ठीक. काल एक जण म्हणाले, "वास? तो येतो ना अधूनमधून. टाकी संपत आली की येतोच, तूच सांगितलं होतंस."

त्यांना कॉक बंद करायला लावलाय. सध्या युमाला आहेत, इथून ऐंशी मैल. उद्या बाराच्या आत पोचायचं आहे.