टाकीवर जाऊन तोंड धुऊन ये

हीरकमहोत्सवाचं पत्र आलं, 'मनोगत पाठवा' असं वाचलं आणि डोळ्यांपुढे बाई उभ्या राहिल्या. कोणत्या बाई, हे सांगायला नको. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की इंग्रजीच्या बाईच. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

नववीत शनिवारच्या शेवटच्या तासाला बाई 'अंकल टॉम्स केबिन' ही हॅरिएट बीचर स्टो यांची अमेरिकेतल्या गुलामीवरची कादंबरी वाचायच्या. दोन ओळी इंग्रजी, मग मराठी. पोराला छातीशी धरून गुलाम एलायझा ओहायो नदीतल्या बर्फाच्या लाद्यांवरून पळते, तिथे अख्खा वर्ग मुसमुसला. संमेलनात हेच करायचं ठरलं. वर्गातली सर्वांत गोरी मुलगी एलायझा, आणि मी टॉम. तालमीला मी तव्याची काजळी खोबरेलात कालवून तोंडाला फासून आलो. पोरं हसून लोळली. तेवढ्यात बाई आल्या.

"टाकीवर जाऊन तोंड धुऊन ये."

एवढंच. काजळी निघता निघेना. कातडी सोलवटून परत आलो, तर एलायझाच बदललेली! दरवर्षी पडदा ओढायला असायची ती मागच्या बाकावरची काळीसावळी मुलगी मध्यभागी उभी. कोणीतरी म्हणालं, "बाई, पुस्तकातली एलायझा तर गोरी दिसते."

"तेच तर माझं भांडण आहे पुस्तकाशी," बाई म्हणाल्या. आणि तालीम राहिली बाजूला. बुद्धीनं, धाडसानं सुटतात ती एलायझा आणि तिचा नवरा जॉर्ज, दोघंही जवळजवळ गोरी. काळा टॉम सोसतो आणि मरतो. सुटलेल्या कुटुंबाला शेवटी लेखिका पाठवते कुठे? आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मुक्त झालेल्या काळ्यांसाठी वसवलेल्या लायबेरियाला! टॉप्सी ही खोडकर गुलाम पोरसुद्धा मिशनरी होऊन आफ्रिकेला जाते. नकाशावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "गुलामी नको, पण शेजारही नको. आणि या किनाऱ्यावर आधीपासून माणसं राहत होती, त्यांना कोणी विचारलं?"

पण पुस्तकाला नावं ठेवलेलीही त्यांना खपायची नाहीत. १८५२ साली, मताचा हक्क नसलेल्या एका बाईनं हे लिहिलं. त्यातली सिनेटरची बायको नवऱ्यानं पाठिंबा दिलेला कायदा मोडून पळून आलेल्या एलायझाला घरात घेते, आपल्या गेलेल्या बाळाचे कपडे तिच्या पोराला देते. ते वाचताना बाईंचा आवाज बदलायचा. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, हेही मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकलं.

आमची प्रत संक्षिप्त होती. "कॅसी यात नाही, मोठी प्रत मिळाली की वाचा," असं बाईंनी बजावलं होतं. मी वाचली चाळिशीत, बँकेच्या बदलीच्या गावी. मुलं विकली गेलेली ही आई, पुढचं तरी विकलं जाऊ नये म्हणून तान्ह्याला अफूचा अर्क पाजते. त्या रात्री बाईंना पत्र लिहायला बसलो. ते पुरं झालं नाही.

चीफ मॅनेजर होऊन निवृत्त झालो. मुलगी सिनसिनाटीला असते. स्टोबाई तिथे अठरा वर्षं राहिल्या, त्यांचं घर जपलंय. ते पाहून ओहायोच्या काठावर गेलो. पलीकडे केंटकी, म्हणजे तेव्हाचा गुलामीचा मुलूख. नदी मला वाटली होती त्याहून कितीतरी रुंद निघाली.

परवा शाळेत डोकावलो. ग्रंथालयाच्या जागी संगणक कक्ष झालाय. छान आहे, पण ती काचेची कपाटं कुठे गेली, ते शिपायालाही सांगता आलं नाही.

नदीचा फोटो काढून आणलाय. दाखवायला बाई नाहीत. आमची एलायझा हा अंक वाचत असेल, तर फोटोची तिची प्रत मी जपून ठेवली आहे.