गुहागरच्या अंगणात बदललेले फोर्कचे ऑइल सील

पुण्याहून मोटारसायकलने ताम्हिणी घाट, माणगाव, मंडणगड, दापोली असे करत दुसऱ्या दिवशी दाभोळला पोहोचलो. वाशिष्ठी ओलांडून धोपावेकडे नेणाऱ्या फेरीबोटीत गाडी उभी केली, तेव्हा पुढच्या डाव्या फोर्कच्या (पुढच्या चाकाला धरणाऱ्या, आत स्प्रिंग आणि तेल असलेल्या पायाच्या) नळीवर तेलाचे कडे आणि त्याला चिकटलेली तांबडी माती दिसली. डिस्क ब्रेक त्याच बाजूला आहे आणि पॅडना तेल लागले की ब्रेकवर विसंबता येत नाही, म्हणून नळीभोवती फडके गुंडाळून, वारंवार थांबून पाहत, सावकाश गुहागर गाठले.

फोर्कमधले तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, म्हणजे सीलच्या, ओठाखाली नुसता कचरा अडकला असला, तरी तेल गळते. त्यामुळे आधी धूळसील वर सरकवून एक्स-रे फिल्मची आकडी कापलेली पट्टी आत फिरवली. माती निघाली, पण गळती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने चिपळूणला जाऊन दोन्ही बाजूंची सील, फोर्क ऑइल, तांब्याचे वॉशर आणि ५० मिमीच्या पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा आणला. माझ्या गाडीची नळी ४१ मिमीची आणि सीलचा बाहेरचा व्यास ५४ मिमी असल्याने हा पाइप नळीवरून सहज सरकतो आणि सीलवर बरोबर टेकतो. आपल्या गाडीची मापे पाहूनच पाइप घ्यावा.

गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनाखाली लाकडी ठोकळे दिले. फोर्क उतरवण्यापूर्वी, तो क्लॅम्पमध्ये घट्ट असतानाच, वरची टोपी थोडी सैल करून घ्यावी. नंतर ती हातात धरून सुटत नाही. खालचा ॲलन बोल्ट फिरवताना आतला दांडाही सोबत फिरू लागला, पण स्प्रिंग आत ठेवून फोर्क जमिनीवर दाबून धरल्यावर बोल्ट निघाला. तेल काढून, सर्कलिप (सील जागेवर धरणारी तारेची कडी) उचकटून नळीला झटके दिले, तशी बुश (नळी सरळ सरकवणारी धातूची कडी) आणि जुने सील एकत्रच बाहेर आले.

खरे कारण इथे सापडले: नळीवर गंजाचा बारीक उंचवटा होता. तो तसाच राहिला असता, तर नवे सीलही लवकरच फाटले असते. २००० नंबरच्या पॉलिश पेपरला तेल लावून तो हलक्या हाताने बोटाला लागेनासा केला. खोल खड्डा असेल, तर मात्र नळीच बदलावी. नळीच्या टोकावर तेल लावलेली प्लास्टिकची पिशवी ओढून, लिहिलेली बाजू वर ठेवून सील सरकवले. त्याआधी बुश आणि वॉशर बसवले होते. नव्या सीलवर जुने ठेवून पाइपाने सर्कलिपची खाच पूर्ण दिसेपर्यंत ठोकले. तेलाची पातळी गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, स्प्रिंग न घालता आणि फोर्क पूर्ण दाबून, सिरिंजने दोन्हीकडे सारखी केली.

या कामाला पहिल्या बाजूला अडीच तास लागले, दुसऱ्या बाजूला एक. परतताना कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला नळ्यांवर पांढरा कागद फिरवून पाहिला. तो कोरडाच निघाला.