तीन काड्यांतली चूल

राजमाचीच्या श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी असलेल्या उधेवाडीत काल आम्ही काही नवशिके रानात निभावून नेण्याचे पहिले धडे घेत होतो. प्रत्येकाला काडेपेटीतल्या तीनच काड्या मिळाल्या होत्या आणि आदल्या रात्री पाऊस पडून गेल्यामुळे जमिनीवरचे सारे सरपण ओले होते.

माझ्या पहिल्या दोन काड्या वाया गेल्या, कारण मी घाईघाईने जाड लाकडांनाच आग लावू पाहत होते. शिकवणाऱ्या गावातल्या काकांनी उभ्या वाळलेल्या फांदीचा तुकडा कोयत्याने मधोमध चिरून दाखवला, तेव्हा वरून काळपट दिसणारे ते लाकूड आतून कोरडे, फिकट पिवळे निघाले. त्याच्या बारीक ढलप्या, खाली मूठभर पेंढा आणि वर बोटाएवढ्या कारवीच्या काटक्या रचून, वाऱ्याकडे पाठ करून मी तिसरी काडी ओढली. आधी नुसता धूर झाला; मग हलकी फुंकर घातल्यावर पेंढ्याच्या कडेने लालसर रेघ सरकत गेली आणि जाळ धरला. त्याच चुलीवर ओढ्याचे पाणी गाळून खळखळून उकळले. निघताना पाणी ओतून, राख हाताला गार लागेपर्यंत ढवळून चूल विझवली.

संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, हा डोंगरातला संकेतही शिकलो. इतकी वर्षे गडांवर फिरूनही मला तो ठाऊक नव्हता, याची मनापासून खंत वाटली. आज सकाळीच मी माझ्या आणि लेकीच्या पाठपिशवीला एकेक शिट्टी बांधली.